गेंड्या भुंग्याचा कागद

खाकी कागदाला नुसत्या घड्या घालून केलेला पहिला भुंगा मी रात्री दहाच्या सुमारास खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. सहा पाय खाली, शिंग वर, अगदी ऐटीत उभा होता. सकाळी पुतणी आली, त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “काका, हा रात्री कुठे फिरून आला?” सहाही पाय दोन्ही बाजूंना पसरून भुंगा पोटावर पडला होता. पाठीवरच्या पंखांची मधली फट उघडून त्यातून कागदाचे थर डोकावत होते. घरातला आर्द्रतामापक ९१ टक्के दाखवत होता. रत्नागिरीकडचा जुलै महिना, त्यामुळे त्यात नवल काही नव्हते.

नववीतल्या या पुतणीला सप्टेंबरमधल्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात माडाच्या किडींवर तक्ता मांडायचा होता आणि तक्त्यासमोर खरोखरीच्या आकाराहून थोडा मोठा गेंड्या भुंगा ठेवायचा होता. माडाचा हा जुना वैरी. शेणखताच्या खड्ड्यात त्याची अळी वाढते. मोठा झालेला भुंगा माडाच्या शेंड्यात शिरतो आणि न उमललेला कोंब पोखरतो. पुढे ती झावळी उमलली की कात्रीने त्रिकोण कापून काढल्यासारखी दिसते. माझ्या भावाने त्याच पंधरवड्यात तारेच्या आकड्याने चार भुंगे शेंड्यांतून उपसून काढले होते. त्यातला एक काचेच्या बरणीत समोर ठेवून मी आराखडा केला. एकच चौरस कागद, कापाकापी नाही, घड्यांनी पाडलेली ३२ बाय ३२ घरांची जाळी. आराखडा कसा बसवला त्याची गोष्ट वेगळी आहे. इथे सांगायचे आहे ते कागदाचे, कारण अडीच महिन्यांतला बहुतेक वेळ कागदातच गेला.

पाय का पसरले, ते आधी मोजून पाहिले. ७५ ग्रॅमचा झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, माझा खाकीही जवळपास तेवढाच होता. या भुंग्याच्या मधल्या पायाच्या मुळाशी कागदाचे १६ थर येतात. म्हणजे नुसता कागद १.६ मिमी, आणि वळणांची जाडी व थरांमधली हवा धरली तर दोन मिमीच्या वर. ४५ सेंमीच्या चौरसात जाळीचे एक घर १४ मिमीचे असते. पाय निमुळता करत साडेतीन मिमी रुंदीवर आणायचा होता. साडेतीन मिमी रुंद आणि दोन मिमी जाड पायाला गुडघ्यात वाकवले की आतल्या साऱ्या घड्या मिळून त्याला परत सरळ करू पाहतात. त्यात पावसाळा. घडी म्हणजे तंतूंना दिलेले वळण. हवेतला ओलावा शिरला की तंतू फुगतात, मऊ पडतात आणि वळण ढिले होते. तेव्हा कागद हवा होता खाकीच्या निम्म्या जाडीचा, तरीही घडी घट्ट धरणारा आणि जुलैच्या हवेला दाद न देणारा.

कीटकांसाठी घडीकार वापरतात ते कोझो झाडाच्या सालीचे पातळ जपानी कागद किंवा नेपाळचा लोकता, म्हणजे तिथल्या झुडपाच्या सालीचा हातकागद, आमच्याकडे बाजारात मिळत नाहीत. मागवून घेतले तरी शिकता शिकता चार ताव फाडण्याइतके ते स्वस्त नाहीत. पुण्याच्या १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेचा सुती चिंध्यांचा कागद माझ्याकडे होता. त्याच्यावर जलरंग फार सुरेख बसतो, पण सोळा थरांत दुमडण्यासाठी तो केलेलाच नाही. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मात्र पतंगी कागद होता, ५० बाय ७५ सेंमीचा ताव, काही रुपयांना एक. एकटा पतंगी कागद जाळीच्या रेषा पाडतानाच फाटतो. दोन ताव एकमेकांना पूर्ण चिकटवले तर मात्र झेरॉक्सच्या निम्म्याहून थोडा जाड, एकसंध कागद तयार होतो.

ही कल्पना माझी नाही. कागदाला मागून दुसऱ्या कागदाचे अस्तर लावण्याला जपानी चित्रगुंडाळ्या बांधणारे कारागीर उराउचि म्हणतात. ओरिगामीत तिची निकड वाढली ती १९९० च्या दशकात, जपान आणि अमेरिकेतल्या घडीकारांमध्ये एकाहून एक पायाळू, शिंगाळू कीटक करण्याची चुरस लागली तेव्हा. दुकानातला कागद त्या आराखड्यांना पुरेनासा झाला आणि घडीकार स्वतःच कागद बनवू लागले.

खळ आणि चीक

पहिला ताव मी खळीने चिकटवला. आमच्या घरात आकाशकंदील दरवर्षी खळीनेच होतो. मैदा पाण्यात कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचे, पारदर्शक झाला की उतरवायचा. बाइंडर लोक किडीसाठी त्यात मोरचूद घालतात, तसे मीही चिमूटभर घातले. ताव वाळला तेव्हा वाजवल्यावर टणटण करत होता. कंदिलाला हाच टणकपणा हवा असतो. घडीला तो मारक ठरला. आडव्या ३१ रेषा पाडून उभ्या रेषा पाडायला घेतल्या, तर जिथे रेषा एकमेकींना छेदत होत्या तिथे खळीचा थर तडकू लागला आणि तडकलेल्या खळीने पतंगी कागदही कापला. तो ताव गुंडाळून ठेवला. बाराव्या दिवशी उघडला तर घड्यांच्या ओळीने काळे ठिपके आले होते, मोरचूद असूनही.

पण जपानी अस्तरकामात गव्हाचीच खळ असते आणि ती गुंडाळी शेकडो वेळा उघडते, मिटते. मग आमची का तडकली? फरक मैद्यात आहे. मैद्यात स्टार्चबरोबर गव्हाचे चिवट प्रथिन, म्हणजे ग्लुटेन असते. जपानी कारागीर ते धुऊन काढतात आणि उरलेल्या निव्वळ स्टार्चची खळ करतात. गुंडाळ्यांच्या काही थरांसाठी तर ती वर्षानुवर्षे मुरवलेली असते, जेणेकरून ती चिकटेल पण ताठ होणार नाही. हे वाचताना मला आईचा उन्हाळा आठवला. गहू तीन दिवस भिजत घालायचे, वाटायचे, गाळायचे, वरचे पाणी ओतून टाकायचे आणि तळाशी बसलेला पांढराशुभ्र चीक कुरडयांसाठी घ्यायचा. चोथ्यात राहते ते ग्लुटेन, तळाशी बसतो तो स्टार्च. म्हणजे अस्तराच्या खळीचा कच्चा माल आमच्या घरी दर चैत्रात तयार होत होता आणि आम्ही कुरडया खात होतो! वहिनीने वाळवून ठेवलेला थोडा चीक दिला. त्याची पातळ खळ करून हातभर पट्टी चिकटवली. ती खरोखर मऊ निघाली, रेषांच्या फुलीवरही तडकली नाही. कोरड्या हवेच्या गावी मी चिकावरच थांबलो असतो. पण स्टार्च हे कसरीचे आणि बुरशीचे अन्न आहे, आणि भुंगा पावसाळ्याच्या शेवटापर्यंत टिकवायचा होता.

मधे फॉइल

दुसरा ताव सँडविचचा. स्वयंपाकघरातले अॅल्युमिनियम फॉइल मधे, दोन्ही बाजूंना पतंगी कागद. फॉइल पाणी शोषत नाही, त्यामुळे फवाऱ्याचा गोंद वापरावा लागला. पडवीत जुनी वर्तमानपत्रे अंथरून, तोंडाला फडके बांधून ते काम केले आणि घरातल्यांना दोन तास तिकडे येऊ दिले नाही. फॉइलची गुंडाळी ३० सेंमी रुंद, म्हणून चौरस २८ सेंमीचाच निघाला. पट्ट्या जोडून मोठा करता येतो, पण जोडावर जाडी दुप्पट होते आणि ती नेमकी पायाच्या मुळाशी आली असती.

पाय मात्र काय उभे राहिले! वाकवावा तिथे वाकतो आणि दमट हवेत तसाच राहतो. ज्यांना एका संध्याकाळी, सोप्या आराखड्याने, पाय रोवून उभा राहणारा कीटक करायचा आहे त्यांनी फॉइलच घ्यावे, असे मी आजही सांगेन. या भुंग्यात अडचण झाली ती शिंगाशी. शिंग बारीक करताना त्याची टोके आत उलटी करावी लागतात, म्हणजे पाडलेली घडी पूर्ण उघडून विरुद्ध बाजूला वळवावी लागते. तंतू हे तीन-चारदा सहन करतात. अॅल्युमिनियमचे पान दुसऱ्या-तिसऱ्या वळणाला तडकते. शिंगाच्या टोकाला चांदीचा ठिपका उघडा पडला आणि जवळच भोक पडले. शिवाय फवाऱ्याचा गोंद कायमचा कधीच सुकत नाही. काही वर्षांनी तो पिवळा पडतो आणि थर सुटू लागतात. प्रदर्शनानंतर पुतणीला तो भुंगा जपून ठेवायचा होता.

चौरस चौरस राहिला नाही

तिसऱ्या तावाने मला सगळ्यात जास्त शिकवले. केकचे सामान विकणाऱ्या दुकानात सीएमसी नावाची पांढरी पावडर मिळते, साखरेची फुले करणारे ती वापरतात. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज हे तिचे पूर्ण नाव. ज्या सेल्युलोजचे कागदाचे तंतू असतात, त्यालाच रासायनिक प्रक्रिया करून पाण्यात विरघळण्याजोगे केलेले असते. बुरशीला त्यात स्टार्चइतके खाद्य नाही आणि वाळलेला थर लवचिक राहतो. दोन पांढरे पतंगी ताव काचेवर ठेवून तिने चिकटवले. ताव सुंदर निघाला. ४५ सेंमीचा चौरस गुण्याने कापला, कर्ण मोजून दोन्ही सारखे आहेत याची खात्री केली आणि तो रात्रभर टेबलावर ठेवला.

सकाळी कर्णाची घडी घातली तर कोपरा कोपऱ्यावर येईना. पट्टी लावली. एक बाजू ४५ सेंमीच होती, दुसरी ३ मिमीने वाढली होती. माझा हात चुकला असेल म्हणून पुन्हा कापला, पुन्हा रात्रभर ठेवला. दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला होता, तर तीच बाजू आता आखूड झाली होती.

यंत्रावर केलेल्या कागदात तंतू बहुतेक यंत्र धावते त्या दिशेला पडतात. याला छपाईवाले आणि बाइंडर ग्रेन म्हणतात. तंतू ओलावा घेतो तेव्हा लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत मात्र फुगतो. म्हणून कागद ग्रेनच्या दिशेने जवळजवळ तेवढाच राहतो आणि आडव्या दिशेने वाढतो. मी दोन्ही ताव दुकानातून आले तसे, लांबीला लांबी लावून चिकटवले होते. दोघांचे तंतू एकाच दिशेला, त्यामुळे दोघे मिळून एकाच बाजूला फुगत होते. ३२ घरांच्या जाळीत ३ मिमीची चूक म्हणजे शेवटच्या घरापाशी रेषा पाव घराच्या जवळपास सरकते आणि सहा पायांतले दोन वाकडे येतात.

ग्रेन ओळखायला फार सोपे आहे. तावाच्या दोन्ही दिशांनी एकेक बोटभर रुंद पट्टी कापावी आणि दोन्हींचे एकेक टोक एकत्र धरून त्या आडव्या सोडाव्यात. जी कमी लवते ती ग्रेनच्या दिशेची. फाडून पाहिले तरी कळते. ग्रेनच्या दिशेने फाट सरळ जाते, आडवी फाडली तर वेडीवाकडी. उपाय प्लायवूड करणाऱ्यांना कधीचा माहीत आहे: थर एकमेकांना काटकोनात लावायचे. मग एका थराचे फुगणे दुसऱ्या थराचे न वाढणारे तंतू अडवून धरतात. पतंगी कागदाचा ताव ५० सेंमी रुंद असल्याने एकेका तावातून ५० चा चौरस निघतो आणि त्यातला एक नव्वद अंशात फिरवता येतो. एवढी साधी गोष्ट, पण मी तीस वर्षे चित्रकला शिकवताना मुलांना कागदाचा ग्रेन कधी दाखवला नव्हता, याचे मला खरोखर वाईट वाटले.

सीएमसीची दुसरी एक खोड त्याच आठवड्यात लक्षात आली. ती सोडियमचे मीठ असल्याने हवेतला ओलावा ओढते. पावसाच्या दिवशी तिचा ताव हाताला गार, लिबलिबीत लागायचा. जिथे हवा कोरडी आहे तिथे तिला नावे ठेवायचे कारण नाही.

चौथा ताव

जुनी पुस्तके आणि दस्तऐवज दुरुस्त करणारे वापरतात ते मिथाइल सेल्युलोज मी डाकेने मागवले. ते मीठ नाही, सीएमसीपेक्षा ओलावा कमी धरते आणि वर्षांनंतरही पाण्याने सोडवता येते. त्याचे वागणे खळीच्या नेमके उलट. मैदा गार पाण्यात नुसता कालवला जातो आणि तापवल्यावर दाटतो. मिथाइल सेल्युलोज कडकडीत पाण्यात विरघळत नाही, नुसते पसरते, आणि गार झाल्यावर दाटते. गार पाण्यात थेट टाकले तर वरवर भिजून गुठळ्या होतात. म्हणून ५ ग्रॅम पावडर आधी ८० मिली गरम पाण्यात ढवळून पसरवली, मग १७० मिली फ्रिजचे पाणी ओतले आणि रात्रभर झाकून ठेवले. सकाळी कोरफडीच्या गरासारखे पारदर्शक झाले होते.

रंगीत पतंगी कागद पाण्यात रंग सोडतो. तपकिरी तावाच्या कोपऱ्यावर ओला कापूस टेकवला तर कापूस लाल झाला. म्हणून दोन्ही ताव पांढरेच घेतले. रंग नंतर द्यायचा.

जुन्या कपाटाच्या दाराची काच काढून, पुसून, सपाट ठेवली. पहिला ताव काचेवर कोरडा पसरला आणि चार इंची मऊ ब्रशने मध्यापासून बाहेर गोंद लावत गेलो. भिजताक्षणी पतंगी कागद वाढतो आणि त्याला लाटा येतात. इथे घाई केली की फाटतो. ब्रश जवळजवळ आडवा धरून, दाब न देता, एकाच दिशेने फिरवला की लाटा कडेकडे सरकतात. दुसरा ताव, नव्वद अंशात फिरवलेला, मी प्लॅस्टिकच्या पाइपवर गुंडाळून घेतला होता. पुतणीने पाइप धरला आणि एका कडेपासून हळूहळू उलगडत नेला, मी मागून ब्रशने बसवत गेलो. हे दोघांचेच काम आहे. एकट्याने तीनदा केले तेव्हा तिन्ही वेळा मधे हवेचे फुगे राहिले होते. शेवटी वरून आणखी एक हात गोंदाचा दिला. तो फक्त चिकटवण्यासाठी नव्हे. गोंद तंतूंच्या मधल्या जागा भरतो आणि वाळल्यावर घडीला धरून ठेवतो. पतंगी कागदाला जो दम नसतो, तो इथून येतो.

वाळायला दीड दिवस लागला, पंखा सतत चालू. उन्हाळ्यात हेच एका दुपारचे काम असते. कडा आधी वाळून सुटू पाहतात, त्यांना मोह झाला तरी हात लावू नये. अर्धवट ओला ताव काढला की तो वाळताना मनाला येईल तसा आकसतो. काचेला चिकटूनच पूर्ण वाळला तर ताणून सपाट होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ब्लेडने एक कोपरा उचलला आणि अख्खा ताव एका ओढीत आला. काचेकडची बाजू घोटीव कागदासारखी गुळगुळीत होती. पूर्वी आपल्याकडचे कागदी ताव खळीत बुडवून, वाळवून, दगडाने घोटत असत. काच ते काम आपोआप करते. ही चकचकीत बाजू भुंग्याच्या पाठीला घेतली आणि तिच्यावर पातळ तपकिरी अॅक्रिलिकचे दोन हात दिले.

पट्टी दुमडून १६ थर केले आणि व्हर्नियरने मोजले: १.१ मिमी. त्याच पद्धतीने खाकीचे आले होते १.८. कापलेला चौरस तीन रात्री टेबलावर ठेवला, त्यातली एक रात्र मुसळधार पावसाची. दोन बाजूंतला फरक अर्ध्या मिमीच्या आतच राहिला.

घड्या घालायला चार संध्याकाळी लागल्या आणि त्यात काही विशेष सांगण्यासारखे घडले नाही, चांगल्या कागदावर घडतही नाही. शेवटी पायांना आकार देताना जपानी घडीकार अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी रुळवलेली ओल्या घडीची रीत कामी आली. कागदातला गोंद थोड्या पाण्याने सैल करायचा, वळण द्यायचे आणि वाळेपर्यंत धरून ठेवायचे. प्रत्येक पायाच्या आत रंगाच्या बारीक ब्रशने गोंदाचा एक थेंब सोडला, गुडघा वाकवला आणि केसांच्या क्लिपा लावून भुंगा रात्रभर पंख्याखाली ठेवला. सकाळी क्लिपा काढल्या. पाऊस होता. दुपारीही पाय तसेच होते, आठवड्याने मागचा डावा पाय दोनेक मिमी बाहेर सरकला, इतकेच.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आमचे नारळ पाडायला येणारे तात्या पडवीत टेकले होते. पुतणीने भुंगा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो उलटा केला, पाय मोजले, शिंगावरून बोट फिरवले.

“शिंग आखूड आहे, म्हणजे ही मादी,” ते म्हणाले. “पण मग हिच्या शेपटाशी तांबडी लव कुठाय?”

बरणीतला भुंगा मी पुन्हा पाहिला. तो नर होता, शिंग लांब आणि शेपटाकडे गुळगुळीत. माझ्या आराखड्यात शिंगाला जाळीची दोन घरे कमी पडली होती आणि न कळत मादी झाली होती. मादी ठेवायची तर लव हवी. कापलेल्या तावाची एक पट्टी उरली होती, तिची कड ओली करून सुईने पिंजून पाहिली. पतंगी कागदाचे तंतू आखूड, नुसता लगदा सुटला. लव काढायची तर लांब तंतूंचा कागद हवा. आता आतून पतंगी आणि बाहेरून लोकता असा ताव करून पाहायचा आहे. लोकत्याचे दोन ताव मागवले आहेत, आणि पुतणीने त्यांच्या पट्ट्या कापून ग्रेन आहे की नाही ते आधी बघायचे ठरवले आहे.